थंडीतली खाडी आणि फ्लाय रॉड: नवशिक्यांसाठी सुरुवातीपासून

फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांच्या हलक्या गरीने मासे धरणं, म्हटलं की ट्राउट, आणि ट्राउट म्हटलं की गारठलेली, दगडांवरून उड्या घेत जाणारी पहाडी नदी. मीही शिकलो ते तिथेच, हिमाचलात तीर्थन नदीच्या काठावर, गुडघाभर बर्फगार पाण्यात उभा राहून. पण ऐन थंडीत हिमाचलात ट्राउटला हात लावता येत नाही. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण तपकिरी ट्राउट याच दिवसांत अंडी घालतो. नेमक्या त्याच चार महिन्यांत आपली कोकणातली खाडी सगळ्यात देखणी असते. पाऊस जाऊन पाणी निवळलेलं असतं, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि वारा शहाण्यासारखा वागतो. म्हणून हे मार्गदर्शन ट्राउटच्या हत्याराने खाडीतले मासे धरण्याचं आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतंच. कोकणातल्या नद्यांत ट्राउट का सोडत नाहीत? ट्राउटला गार आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. साधारण १० ते १६ अंशांत तो खुशीत असतो, २० च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. आपल्या खाडीचं पाणी पौषातल्या पहाटेही त्याच्या मानाने कोमट. शिवाय काश्मीर-हिमाचलातला ट्राउटसुद्धा मूळचा तिथला नव्हे, इंग्रजांनी बाहेरून अंडी आणून तो रुजवला. आपल्याकडे त्याची गरजही नाही. जिताडा आहे, तांबोशी आहे, शेवटे आहेत, मुडदुशे आहेत. जिताड्याला रायगडात जिताडा म्हणतात, काही ठिकाणी खजुरा, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे चोणक. नावं तीन, मासा एकच.

रॉड घेण्याआधी पाणी शिका

नवीन माणूस आधी दुकानात जातो. मी म्हणेन, आधी पंधरा दिवस नुसतं खाडीवर जाऊन बसा. हातात काही नको. भरती कुठल्या बाजूने चढते, सुकती म्हणजे ओहोटी लागल्यावर कुठला व्हाळ, म्हणजे लहान ओढा, आधी वाहायला लागतो, कुठे लहान शेवटे पाण्याबाहेर उड्या मारतात, एवढं बघा. पहाडी नदीत पाणी एकाच दिशेने जातं, मासा एका दगडामागे महिनोन्महिने सापडतो. खाडीत पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं आणि मासा त्याच्याबरोबर जागा बदलतो. सकाळी सहाला जिथे जिताडा होता, तिथे दहाला कोरडा चिखल आणि खेकडे असतात.

भरतीचा हिशोब आपल्या लोकांनी फार सोपा करून ठेवलाय. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल ती मुंबईतल्या भरतीची अंदाजे वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. अष्टमीला सहा. रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. सिंधुदुर्गाकडे भरती मुंबईच्या साधारण पाऊण-एक तास आधी येते, आणि मग खाडीच्या मुखातून आत आत जावं तशी उशिरा पोचते. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतंच, ते जरूर बघा. पण तिथीचा हिशोब डोक्यात असला की कॅलेंडरकडे नजर टाकून पुढच्या महिन्याचे दिवस ठरवता येतात.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवशिक्याने अष्टमी ते दशमी हे दिवस धरावेत, शुद्ध पक्षातले किंवा वद्य पक्षातले, कुठलेही. याला आपण भांगाचे दिवस म्हणतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं आणि जोरात ओसरतं, गढूळ होतं, पायाखालची वाळू ओढून नेतं. भांगाला पाणी शांत असतं. आणि गंमत बघा, या दिवसांत आपल्याकडे सिंधुदुर्गात भरती पहाटे पाच ते साडेसहाच्या दरम्यान पूर्ण होते. म्हणजे उजाडताना सुकती लागते आणि अकरा-बारापर्यंत पाणी सावकाश उतरत राहतं. नवशिक्याला हवा असलेला उजेड, उतरतं पाणी आणि मंद ओढ हे तिन्ही एकाच सकाळी मिळतं. जुने गरवणारे सांगतील की मोठा मासा उधाणालाच चरायला निघतो. त्यांचं खरं आहे. पण पहिल्या वर्षी उधाण त्यांच्यासाठीच सोडा.

वाऱ्याचं गणितही याच वेळेला जुळतं. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, हलका आणि कोरडा. दहा-अकरानंतर तो पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं आणि मग समुद्राकडून खारा वारा सुटतो. पिसाच्या गरीला खारा वारा सोसत नाही. साडेअकराला रॉड गुंडाळा आणि घरी जेवायला जा.

सामान: थोडं, पण बरोबर

ट्राउटसाठी ४ किंवा ५ नंबरचा रॉड वापरतात (नंबर मोठा तितकी दोरी जड). तो खाडीवर चालेल, पण फक्त शेवटे आणि मुडदुशांसाठी. जिताडा आणि तांबोशी मनात असतील तर ८ नंबरचा, ९ फुटी रॉड घ्या. रील खाऱ्या पाण्यात टिकेल असं घ्या. स्वस्तात गोड्या पाण्याचं रील घेतलं तर पहिल्याच हंगामात आतली चकती गंजून अडकते. माझं अडकलं होतं, आणि नेमकी त्या वेळी पलीकडे तांबोशी होती.

दोरीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गरीत नसतं, दोरीत असतं. साध्या गरवण्यात शिशाचं वजन फेकलं की दोरी मागून जाते. इथे उलट आहे. जाड, वजनदार दोरी हवेत फेकायची आणि तिच्या टोकाला बांधलेली पिसाची गरी तिच्यामागून निमूट जाते. म्हणून रॉडचा नंबर आणि दोरीचा नंबर एकच हवा. ८ नंबरच्या रॉडवर ८ नंबरचीच, पुढून वजनदार, तरंगणारी दोरी. आणि घेताना ती उष्ण प्रदेशासाठीची आहे ना, हे विचारून घ्या. गार पाण्यासाठी बनवलेली ट्राउटची दोरी आपल्या उन्हात शेवयांसारखी मऊ होते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि लांब जातच नाही. हिमाचलातून आणलेली माझी दोरी इथे पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत ठीक होती. ऊन चढलं आणि ती फेकणं अशक्य झालं.

दोरीच्या पुढे लीडर, म्हणजे पारदर्शक नायलॉनचा निमुळता तुकडा, ८-९ फुटांचा, २० पौंडी. त्याच्या पुढे हात-दीड हात जाड, ३० ते ४० पौंडी तुकडा. हा शेवटचा तुकडा कधीही टाळू नका. जिताड्याच्या कल्ल्यावरचं झाकण वस्तऱ्यासारखं धारदार असतं आणि तांबोशी सरळ कालवांनी भरलेल्या खडपात घुसते. बारीक नायलॉन दोन्हीकडे तुटतं.

बाकी सामान: पोलराइज्ड चष्मा, ज्याने पाण्यावरची चकाकी जाऊन आतलं दिसतं आणि डोळ्यांना गरी लागत नाही. टोपी. सांडशी. जाड तळव्याचे जुने कॅनव्हास बूट. चप्पल घालून खाडीत उतरणं म्हणजे कालवांनी पाय कापून घेणं. प्यायचं पाणी. एवढं पुरे.

पिसाची गरी घरी बांधायची

बाजारात मिळते, पण घरी बांधलेल्या गरीने धरलेल्या माशाचा आनंदच वेगळा, आणि आपल्याकडे सामानाची कमी नाही. नवशिक्याने एकच प्रकार शिकावा: क्लाउझर मिनो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझर यांनी तो १९८७ मध्ये तिथल्या नदीतल्या बास माशासाठी तयार केला, आणि आज जगभर खाऱ्या पाण्यात चालतो. त्याच्या डोक्यावर डमरूसारखे दोन जड डोळे असतात. त्या वजनाने गरी पाण्यात उलटी होते, काट्याचं टोक वर येतं आणि तळाच्या चिखलात, मुळांत कमी अडकते. आपल्या खाडीसाठी जणू मुद्दाम केल्यासारखी.

१/० नंबरचा, गंज न धरणारा हुक घ्या आणि व्हाइसमध्ये, म्हणजे हुक धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात, पक्का बसवा. हुकच्या नाकापासून, म्हणजे नायलॉन ओवायच्या भोकापासून, थोडं मागे, दांडीच्या वरच्या बाजूला डमरू-डोळे ठेवून दोऱ्याने इंग्रजी आठच्या आकारात आवळा, दहा-बारा वेढे. ते हलता कामा नयेत, हलले तर गरी पाण्यात गोल फिरते. मग पांढऱ्या केसांची काडीपेटीच्या काडीइतकी जाड बट घ्या. हरणाच्या शेपटीचे केस विकत मिळतात, पण मी बोकडाच्या शेपटीचे पांढरे केस साबणाने धुऊन, वाळवून वापरतो आणि काही फरक पडत नाही. ही बट डोळ्यांच्याच बाजूला, डोळ्यांच्या पुढे आणि मागे बांधा, लांबी हुकच्या दुप्पट. आता हुक व्हाइसमध्ये उलटा करा. दुसऱ्या बाजूला दोन-चार चमकदार तंतू आणि त्यावर शेवाळी रंगाची तेवढीच बारीक बट. नाकाशी दोरा गाठून थेंबभर गोंद. झालं.

केस कमी घ्या. नवीन माणूस नेहमी जास्त घेतो आणि गरी झाडूसारखी होते. ओली केल्यावर बोटाच्या पेराएवढी बारीक, सळसळती दिसली पाहिजे, शेवट्याच्या पिल्लासारखी. पोट पांढरं, पाठ शेवाळी. कोंबड्याच्या मानेची लांब पिसं मिळाली तर ती जपून ठेवा, पुढच्या वर्षी मोठ्या गरीला लागतील. गावठी कोंबड्याची लालसर-सोनेरी पिसं तर विकतच्यापेक्षा सुंदर असतात.

हुकचा उलटा काटा सांडशीने दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं, आणि गरी स्वतःच्या कानात घुसली तर डॉक्टरांकडे जावं लागत नाही.

एक गाठ, पण पक्की

गरी लीडरला आवळून बांधली तर ती पाण्यात काठीसारखी ताठ राहते. म्हणून फासाची गाठ. नायलॉनला टोकापासून वीतभर आत एक साधी सैल गाठ मारा, आवळू नका. टोक हुकच्या नाकातून ओवा. मग ज्या बाजूने ते सैल गाठीतून बाहेर आलं होतं, त्याच बाजूने परत तिच्यातून आत घाला. मुख्य नायलॉनभोवती चार वेढे. पुन्हा त्याच बाजूने सैल गाठीतून टोक परत. थुंकीने ओलं करा आणि हळूहळू ओढा. कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन भाजतं आणि मासा लागल्यावर तिथेच तुटतं. ही गाठ रोज रात्री जेवणानंतर दहा वेळा मारा. आठवड्यात डोळे मिटून यायला लागेल, आणि अंधाऱ्या पहाटे ती तशीच मारावी लागते.

फेकणं: आधी मैदानात

खाडीवर शिकू नका. शाळेचं मैदान किंवा गवताचा मोकळा तुकडा शोधा. कापलेल्या भाताच्या शेतात सड दोरी पकडतात, पुळणीवर वाळू दोरीची साल काढते. हुकऐवजी टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधा, म्हणजे दिसतो आणि टोचत नाही.

१० मीटर दोरी समोर सरळ पसरा. रॉड मुठीत, अंगठा वर. टोक जमिनीजवळ. आता रॉड उचलायला लागा, सावकाश, मग वेग वाढवत, आणि कानाशी आल्यावर झटकन थांबा. थांबणं हेच फेकण्याचं मर्म आहे. रॉड वाकतो तो दोरीच्या वजनाने, आणि थांबल्यावर सरळ होताना तो दोरीला मागे पाठवतो. मागे दोरी पूर्ण उलगडेपर्यंत वाट बघा. मान वळवून बघा, लाजू नका, मी आजही बघतो. दोरी सरळ झाली की पुढे, तसंच वाढत्या वेगाने, आणि घड्याळात दहा वाजल्याच्या जागी पुन्हा थांबा. दोरी पुढे उलगडते आणि लोकर गवतावर अलगद टेकते.

नव्वद टक्के चुका दोनच. एक, मागे वाट न बघणं: दोरी चाबकासारखी कडाडते आणि खऱ्या गरीचा तिथे तुकडा पडतो. दुसरी, मनगट ढिलं सोडणं: रॉड मागे जमिनीपर्यंत जातो, दोरी मागच्या झुडपात. मनगटावर शर्टाची बाही गुंडाळून रॉडची मूठ तिच्यात अडकवा, दोन दिवसांत सवय जाते. १५ मीटर सरळ जायला लागलं की खाडीवर चला. त्याहून लांब फेकायची गरज फार क्वचित पडते. मासा बहुधा तुमच्या पायाजवळच असतो.

काठावर, उजाडताना

पहिल्या वर्षी मी कर्लीच्या खाडीत भर भरतीला उभा राहून पाण्याच्या मध्यावर गरी फेकत होतो. दोन सकाळी काही नाही. काठावर जाळं विणत बसलेले एक आजोबा शेवटी म्हणाले, "झिला, भरल्या पाण्यात खंय शोधतलंस? सुकती लागली काय व्हाळाच्या तोंडार टाक." फ्लायच्या पुस्तकांतून मी जे शिकलो नव्हतो ते त्या एका वाक्यात होतं.

भरतीला पाणी कांदळवनात, खाजणात पसरतं. त्याबरोबर लहान मासे, कोळंबी आत जातात. तिथे मुळांच्या जाळ्यात ते सुरक्षित असतात आणि मोठा मासा त्यांच्यामागे फार आत जात नाही. सुकती लागली की पाणी लहान लहान व्हाळांतून परत खाडीत येतं आणि हे सगळं चिमुकलं लोंढ्याने बाहेर पडतं. जिताडा आणि तांबोशी व्हाळाच्या तोंडाशी, वाहत्या आणि स्थिर पाण्याच्या सीमेवर उभे राहून वाट बघतात. ती सीमा डोळ्यांना दिसते: एका बाजूला पाण्यावर सुरकुत्या, दुसऱ्या बाजूला आरसा. मध्ये फेसाची आणि पानांची बारीक रेघ. गरी त्या रेघेवरून गेली पाहिजे.

व्हाळाच्या तोंडापासून १०-१२ मीटर बाजूला उभे राहा, समोर नाही. सावली पाण्यावर पडू देऊ नका. गरी व्हाळात थोडी आत टाका, बुडू द्या, तीन आकडे मोजा. रॉडचं टोक पाण्याजवळ खाली. मग डाव्या हाताने दोरी वीत-वीत ओढा: ओढ, थांब, ओढ, ओढ, थांब. थांबल्यावर गरी डोकं खाली घालून बुडते आणि बहुतेक वेळा मासा त्याच क्षणी घेतो. थंडीच्या पहाटे उथळ पाणी रात्रभरात गारठलेलं असतं आणि मासा सुस्त असतो, तेव्हा ओढ सावकाश ठेवा. ऊन चिखलाच्या पाटांवर पडून पाणी थोडं तापलं की वेग वाढवा. माझ्या अनुभवात साडेआठ ते साडेदहा ही सोन्याची वेळ.

जिथे व्हाळ नाही तिथे जेटीच्या खांबांची सावली बघा, किंवा खाडीत शिरलेलं खडपाचं नाक. वाळूच्या पुळणीवर मुडदुशे असतात. तिथे लहान, ६ नंबरची गरी आणि हलका रॉड, तळावरून हळू ओढत. शाळकरी मुलांना सुरुवात करून द्यायला मुडदुशासारखा दुसरा मासा नाही.

मासा लागला

ट्राउट शिकलेल्यांनी इथे नीट लक्ष द्या. ट्राउटने गरी घेतली की रॉड वर उचलतात. खाडीत असं केलं तर गरी माशाच्या तोंडातून निसटून येते, कारण जिताड्याचं तोंड मोठं आणि टणक आणि त्याला गरी आतून ओढली जावी लागते. रॉड हलवायचा नाही. टोक माशाकडेच ठेवून डाव्या हाताने दोरी जोरात, लांब ओढायची. त्या ओढीनंतर वजन जाणवलं की मगच रॉड उचला. तीर्थनची सवय मोडायला मला अख्खा एक हंगाम लागला. पाच जिताडे मी फक्त रॉड उचलून घालवले.

तांबोशीचं वेगळं. ती घेते आणि त्याच क्षणी मुळांकडे वळते. तिला एक हातसुद्धा दोरी द्यायची नाही. पहिल्या दहा सेकंदांत ती उघड्या पाण्यात आली तर आली. जिताडा मात्र पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. उडी मारताना रॉड माशाकडे झुकवा, म्हणजे ताण कमी होतो आणि नायलॉन वाचतं.

मासा जवळ आला की हात ओले करून धरा. कल्ल्याच्या झाकणापासून बोटं दूर. हुक सांडशीने काढा, मासा पाण्यातच ठेवून.

आणि मोठा जिताडा सोडून द्या. हे मी आग्रहाने सांगतो. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतला प्रत्येक दांडगा जिताडा जवळपास नक्की मादी असते, आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी लाखो अंडी तीच घालणार असते. तिला कापून खाल्लं तर एकच जेवण होतं. जेवायला मध्यम आकाराचा एक मासा न्या, किंवा शेवटे न्या. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीशी हलकं धरून थांबा. ती स्वतः जोर लावून हातातून निसटली की सोडलं असं समजा.

ज्याने जिवाला धोका, त्याची माहिती

पाकट वाळूत पसरून पडलेली असते आणि तिच्या शेपटीच्या काट्यात विष असतं. म्हणून पाणथळात पाय उचलून टाकू नका, तळावर घासत चला. पाय लागला की ती पळते. काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात तासभर ठेवा, उष्णतेने विषाचा जोर कमी होतो, आणि लगेच डॉक्टरांकडे जा. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागच्या काट्यालाही तेच करा. शिंगाळा गरीला लागतोच. त्याला हाताने धरू नका, दोरी कापली तरी चालेल.

वाशिष्ठी आणि सावित्रीत मगरी आहेत. चिपळूण-महाडकडच्या नदीच्या भागात पाण्यात उतरू नका, काठावरून किंवा होडीतून गरवा. इतरत्रही आधी गावात विचारा.

चिखलात मांडीपर्यंत रुतलात तर धडपड करू नका. मागे झुकून बसा, पाय एकेक करून सावकाश सोडवा. एकटे जाऊ नका. पाणी पुन्हा चढायला लागायच्या आधी वाळूच्या दांड्यावरून परत या, मागचा चर आधी भरतो.

खाडी ज्यांची आहे त्यांची

आपण हौशी. ज्यांचं घर त्यावर चालतं ते गाबीत, खारवी, दालदी, कोळी बांधव खाडीत रोज असतात. कोणाची जाळी लावलेली असतील त्याच्या आसपास गरी फेकू नका. पहाटे कोणी पागायला आला असेल तर त्याने आधी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकावा, आपण थांबावं. "काका, इथे टाकू काय?" एवढं विचारलं तर आजवर मला कोणी नाही म्हटलं नाही. उलट कुठे कालवं आहेत, कुठे चर खोल झालाय, हे त्यांनीच सांगितलं. तुटलेलं नायलॉन खिशात घालून घरी आणा. कांदळवनाची एक फांदीही तोडू नका, ते कायद्याने संरक्षित आहे आणि खाडीतलं सगळं चिमुकलं तिथेच वाढतं. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं. त्या बाजूला गरवायचं असेल तर कुठे चालतं ते वन विभागाकडे आधी विचारून घ्या.

परतल्यावर

रॉड, रील, दोरी, गरी, सांडशी, सगळं गोड्या पाण्याने धुवा. त्याच दिवशी, जेवायच्या आधी. रीलवर जोराचा नळ सोडू नका, मीठ आत जातं. तांब्याने हलकं ओता. दोरी मऊ फडक्याने पुसून सैल गुंडाळा. ओल्या गऱ्या बंद डबीत ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत गंजतात. त्या पत्र्याच्या ताटलीत उन्हात वाळवा.

मग वही. तिथी, भरतीची वेळ, वारा, पाण्याचा रंग, कुठला व्हाळ, कुठली गरी, काय लागलं. माझ्या वहीतलं मागच्या पौषातलं एक पान असं आहे: "वद्य नवमी. पावणेसहाला भरती. पाणी निवळ, तळ दिसतो. तिसरा व्हाळ, सव्वानऊ. शेवाळी क्लाउझर, हळू ओढ. एक तांबोशी हातभर, मुळांत गेली. एक जिताडा, सोडला. साडेअकराला खारा वारा सुटला, घरी." पुढच्या पौषात वद्य नवमीला मी त्याच व्हाळावर सव्वाआठलाच जाऊन बसणार आहे.